ब्लॅक मेसा: कोळशाच्या परवान्यात पाण्याची मर्यादा कशी ठरली आणि कुठे अडली

ॲरिझोनाच्या ईशान्य कोपऱ्यात, नवाहो आणि होपी लोकांच्या राखीव जमिनीवर ब्लॅक मेसा नावाचे पठार आहे. पाऊस वर्षाला १५० ते ३५० मिलिमीटर. या पठारावर पीबॉडी कंपनीच्या दोन खुल्या कोळसा खाणी होत्या: १९७० मध्ये सुरू झालेली ब्लॅक मेसा आणि १९७३ मध्ये सुरू झालेली कायेंटा. कायेंटाचा कोळसा विजेवर चालणाऱ्या रेल्वेने पेजजवळच्या नवाहो वीज केंद्रात जाई. ब्लॅक मेसाचा कोळसा मात्र दळून, पाण्यात कालवून, ४३९ किलोमीटर लांब नळातून नेवाडातल्या लॉफलिनच्या मोहावी केंद्रात पाठवला जाई. खाणीच्या परवान्यात पाण्याचा प्रश्न एवढा मोठा झाला तो या नळामुळे.

हिशेब सोपा आहे. या कोळसा-पाण्याच्या मिश्रणात, म्हणजे स्लरीत, वजनाने निम्मा कोळसा, निम्मे पाणी. वर्षाला सुमारे ४५ लाख टन कोळसा पाठवायचा तर तेवढेच, म्हणजे ४५ लाख घनमीटर पाणी हवे. अमेरिकी मापात ते साधारण ३,७०० एकर-फूट होते (एक एकर-फूट म्हणजे सुमारे १,२३३ घनमीटर). त्यावर धूळ बसवण्यासाठी आणि खाणीच्या इतर कामांसाठी लागणारे पाणी धरले की वर्षाला ४,००० ते ४,५०० एकर-फुटांच्या आसपासचा उपसा निघतो. नोंदीही तेच सांगतात. परवान्याचा अर्ज हातात आला की पहिली तपासणी हीच करावी: उत्पादनाच्या आकड्यातून पाण्याचा आकडा स्वतः काढून पाहावा. अर्जातला आकडा त्याच्याशी जुळत नसेल तर पुढचे प्रकरण वाचण्याआधी तिथेच थांबून विचारणा करावी.

कायदा काय मागतो

३ ऑगस्ट १९७७ च्या अमेरिकी खाणकाम नियंत्रण व भूमी-पुनर्स्थापना कायद्याने पाण्याच्या तपासणीचे दोन टप्पे केले. पहिला अर्जदाराचा: खाणीमुळे पाण्यावर होऊ शकणारे संभाव्य परिणाम त्याने स्वतः मांडायचे. दुसरा नियामकाचा: त्या भागातल्या सध्याच्या आणि येऊ घातलेल्या सगळ्या खाणींचा एकत्रित परिणाम त्याने स्वतंत्रपणे काढायचा. परवाना क्षेत्राच्या बाहेर जलसंतुलनाची गंभीर हानी होणार नाही अशा बेताने खाणीची आखणी झाली आहे, असा लेखी निष्कर्ष काढल्याशिवाय परवाना देता येत नाही. राखीव जमिनीवर नियामक म्हणजे संघराज्याचे खाण-पुनर्स्थापना कार्यालय.

मूळ स्थितीच्या नोंदींत भूजलासाठी किमान काय हवे तेही नियमांत आहे: पाणीपातळी, विरघळलेले एकूण क्षार किंवा २५ अंश सेल्सियसला आणलेली विद्युतवाहकता, सामू, एकूण लोह आणि एकूण मँगॅनीज. परवाना मिळाल्यावर दर तीन महिन्यांनी नोंदी सादर करायच्या. ही यादी पूर्वेकडच्या ॲपलॅचियन कोळशाला साजेशी आहे. तिथे आम्लयुक्त पाणी आणि त्यातले लोह हीच मुख्य डोकेदुखी. ब्लॅक मेसावर लोह-मँगॅनीज मोजून फारसे काही कळत नाही. तिथे सल्फेट आणि दाबपातळी (बंदिस्त थरातले पाणी विहिरीत दाबाने जिथवर चढते ती पातळी) बोलतात. किमान यादी भरली म्हणून तपासणी झाली असे समजणारे अहवाल याच जागी फसतात.

गंभीर हानी म्हणजे नेमकी किती, हे मात्र केंद्रीय नियमात आकड्यांत कुठेच नव्हते. डिसेंबर २०१६ च्या नव्या नियमाने तिची व्याख्या केली, पण फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तो नियमच रद्द केला. म्हणजे मर्यादा प्रत्येक प्रकरणात नियामकानेच आखायची.

जमिनीखाली काय आहे

कोळसा वरच्या वेपो थरात. खाणीचे खड्डे हा थर आणि ओढ्यांच्या काठचा गाळ कापतात. तिथले पाणी थोडे, खारट, बहुतेक गुरांच्या कामाचे. त्याचा परिणाम स्थानिक आणि समजायला सोपा: खड्ड्याकडे पाणी वळते, भराव टाकल्यावर मुरलेले पाणी मोकळ्या दगडांतून क्षार घेऊन पुढे सरकते, गाळ अडवणाऱ्या तळ्यांत पुराचे पाणी थांबते. तळ्यांसाठी दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या २४ तासांच्या पावसाचे माप धरले जाते. या भागात वाद फारसा नव्हता, आणि कागद मात्र याच भागात सर्वात जास्त भरले गेले.

खरे पाणी त्याच्या खूप खाली आहे. नवाहो वालुकाश्म, त्याखालचा कायेंटा आणि विंगेट थर मिळून एन-जलधर (पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर) बनतो. पाणी गोड, हजारो वर्षांचे जुने. पठाराच्या मधल्या भागात तो दाबाखाली बंदिस्त आहे. कडेला, शोंटोसारख्या ठिकाणी, वालुकाश्म उघडा पडतो आणि पुनर्भरण, म्हणजे पाणी मुरून जलधरात भर पडणे, मुख्यतः तिथे होते. कंपनीच्या विहिरी याच जलधरात, हजार मीटरच्या आसपास खोल. आणि होपी गावे, ट्यूबा सिटी, कायेंटा यांचे पिण्याचे पाणीही इथलेच.

एन-जलधराच्या वर कार्मेल हा कमी झिरपणारा थर, आणि त्यावर डी-जलधर. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या १९८३ च्या अभ्यासानुसार डी-जलधराच्या पाण्यात विरघळलेले क्षार एनपेक्षा सुमारे ७ पट, क्लोराइड ११ पट आणि सल्फेट ३० पट. वरचा दाब खालच्यापेक्षा जास्त, म्हणून पाणी नैसर्गिकरीत्याही वरून खाली झिरपतेच. उपशाने खालचा दाब आणखी घटला की झिरपा वाढतो.

सल्फेट ३० पट असल्याचा अर्थ गणिताने पाहावा. एनच्या पाण्यात डीचे पाणी फक्त १ टक्का मिसळले तर सल्फेट ०.९९ अधिक ०.३०, म्हणजे मूळच्या १.२९ पट होते. सल्फेट १० टक्क्यांनी वाढायला अवघे ०.३४ टक्के मिश्रण पुरते. म्हणून गळतीचा सुगावा लावायला सल्फेट हे उत्तम साधन. अडचण एवढीच, की विहीर बांधताना आवरण नळीच्या बाहेरची मोकळी जागा नीट सिमेंटने भरली नसेल तर वरचे पाणी विहिरीच्या कडेनेच खाली उतरते आणि नमुन्यात सल्फेट वाढलेले दिसते. ती विहिरीची गळती असते, कार्मेलची नव्हे. नमुना घेण्याआधी विहिरीच्या बांधकामाची नोंद पाहायची ती यासाठी. स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून केलेल्या पुढच्या अभ्यासात असे आढळले, की नैसर्गिक गळती मुख्यतः दक्षिणेकडे, कार्मेल सुमारे १२० फुटांपेक्षा पातळ आहे तिथे होते आणि ती हजारो वर्षांपासून चालू आहे.

मूळ स्थिती: नोंद सुरू होईपर्यंत पंप चालू झाले होते

सर्वेक्षण खात्याने इथली देखरेख १९७१ पासून चालवली. बीएम-१ ते बीएम-६ या सहा निरीक्षण विहिरी, गावांच्या विहिरी, झरे, ओढ्यांवरील प्रवाहमापक. इतकी सलग नोंद फार थोड्या कोळसापट्ट्यांत मिळेल. तरीही तारखा नीट पाहिल्या तर भोके दिसतात. मोएनकोपी ओढ्यावरचा मापक १९७६ चा. दिनेबिटो आणि पोलाका ओढ्यांवरचे १९९० च्या दशकातले. झऱ्यांची नियमित मोजणी १९८० च्या दशकात सुरू झाली. उपशाआधीची पातळी म्हणून १९६५ पूर्वीच्या मोजक्या विहिरींच्या नोंदी घेतल्या जातात.

म्हणजे पाणीपातळीला ‘आधी’ आहे, तुटपुंजा का होईना; झऱ्यांना जवळजवळ नाही. झरा उपशामुळे १० टक्क्यांनी घटला का, हे विचारताना कशाच्या १० टक्के, याचे मोजलेले उत्तर फायलीत नाही.

एक गोष्ट इथे चांगली जमली आणि ती उचलण्यासारखी आहे. ओढ्याचा वर्षाचा सरासरी प्रवाह घेतला तर उन्हाळी पुराचे एक-दोन लोंढे सगळा आकडा खाऊन टाकतात. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांच्या रोजच्या प्रवाहाची मध्यका (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घेतली जाते. तेव्हा काठची झाडे पाणी पीत नाहीत, बाष्पीभवन कमी, पाऊसही कमी. वाहते ते बहुतांशी भूजलच. सरासरीऐवजी मध्यका, कारण एखादा हिवाळी लोंढा आला तरी ती हलत नाही.

चार मर्यादा

१९८९ च्या एकत्रित परिणाम-मूल्यांकनात नियामकाने एन-जलधरासाठी चार कसोट्या ठेवल्या. बंदिस्त भागात दाबपातळी जलधराच्या माथ्यापेक्षा किमान १०० फूट वर राहावी. डी-जलधरातून होणाऱ्या गळतीला टक्केवारीची मर्यादा. खाणीच्या उपशामुळे झऱ्यांचा स्राव १० टक्के घटू नये. ओढ्यांत येणारे भूजलही १० टक्के घटू नये.

आकडे लिहिले हे मोठेच काम. बहुतेक परवाने ‘लक्षणीय परिणाम अपेक्षित नाही’ या वाक्यावर निघून जातात. पण प्रत्येक कसोटी कशाने वाचायची, हे पाहिले की चित्र बदलते.

पहिली कसोटी विहिरीत फीत सोडून मोजता येते. पण ती राखते काय? जलधर कोरडा पडून दबू नये, एवढेच. दाबपातळी माथ्याच्या कितीतरी वर असेल तर ती शंभर-दीडशे फूट उतरली तरी कसोटी पाळलेलीच ठरते. गावाच्या पंपाला पाणी तेवढे जास्त उंच उचलावे लागते, विजेचे बिल वाढते, कधी पंप खाली उतरवावा लागतो. कसोटीला त्याचा पत्ता नाही. बंदिस्त भागातल्या काही विहिरींत शंभर फुटांहून जास्त घट नोंदली गेली आणि तरीही ही मर्यादा ओलांडली गेली नव्हती.

झऱ्यांची कसोटी याच्या उलट. ती योग्य गोष्ट राखते, पण मोजता येत नाही. बुरो झऱ्याचा स्राव मिनिटाला पाव गॅलनच्या आसपास, म्हणजे लिटरभरही नाही. त्याचे १० टक्के म्हणजे शंभर मिलिलिटरपेक्षा कमी. बादली आणि स्टॉपवॉचने घेतलेल्या मोजणीत इतका फरक माणूस बदलला तरी येतो. ऋतूचा फरक त्याहून मोठा. हे नियामकालाही ठाऊक होते, म्हणून झरे आणि ओढ्यांची कसोटी भूजलाच्या संगणकी प्रतिमानाच्या (मॉडेलच्या) निकालावर तपासायची असे ठरले. त्यामुळे व्यवहारात असे झाले, की झरा आटला तरी मर्यादा मोडल्याचे झरा सांगू शकत नाही. ते संगणकातले प्रतिमान सांगणार. मोएनकोपी शाळेजवळच्या झऱ्याच्या नोंदीत पुढे घटता कल दिसला. पण कारण कोणते, खाण, ट्यूबा सिटीची वाढ की दुष्काळ, हे त्या नोंदीतून निघत नाही आणि परवान्यातली अट जागची हलत नाही.

प्रतिमान आणि पुनर्भरणाचा आकडा

खाणीचा वाटा वेगळा काढण्याची पद्धत अशी. प्रतिमान दोनदा चालवायचे: एकदा गावे आणि खाण दोन्हींच्या उपशासह, एकदा फक्त गावांच्या. दोन निकालांतला फरक हा खाणीचा परिणाम. बंदिस्त जलधरात समीकरणे जवळपास रेषीय (उपसा दुप्पट तर परिणामही दुप्पट) असल्याने ही वजाबाकी चालते.

मग वाद कशाचा? पुनर्भरणाचा. सुरुवातीच्या प्रतिमानात संपूर्ण क्षेत्रासाठी वर्षाला सुमारे १३,००० एकर-फूट पुनर्भरण धरले होते. १९९७ मध्ये कार्बन-१४ आणि ट्रिटियमवरून शोंटो भागासाठी २,५०० ते ३,५०० एकर-फूट असा अंदाज आला. दोन आकड्यांची व्याप्ती एक नाही, त्यामुळे सरळ तुलना टाळावी. पण शोंटो हेच मुख्य पुनर्भरण क्षेत्र असल्याने अंतर दुर्लक्षिण्यासारखेही नाही. पहिल्या आकड्यावर खाणीचा उपसा पुनर्भरणाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, दुसऱ्यावर पुनर्भरणापेक्षा जास्त.

यावर कंपनीच्या बाजूचे तज्ज्ञ म्हणू शकतात, की रेषीय प्रतिमानात उपशामुळे होणारी घट पुनर्भरणावर अवलंबूनच नसते. वजाबाकीत ते कापले जाते. गणित बरोबर आहे, पण अर्धे. प्रतिमान जुळवताना हाती असतात पाणीपातळ्या, आणि त्यांवरून फक्त पुनर्भरण आणि पारवाहकता (थरातून पाणी किती सहज वाहते ते माप) यांचे गुणोत्तर ठरते. पुनर्भरण चौपट जास्त धरले तर त्याच पातळ्या जुळवायला पारवाहकताही चौपट जास्त धरावी लागते. पारवाहकता फुगली की उपशाचा खड्डा उथळ आणि पसरट दिसतो. शिवाय झऱ्यांचा मूळ स्राव पुनर्भरणाइतकाच असतो. पुनर्भरण कमी तर स्राव कमी, आणि त्याचे १० टक्के लवकर भरतात. अशा अहवालात एकच ‘जुळलेले’ प्रतिमान मान्य करू नये. कमी, मध्यम आणि जास्त पुनर्भरण धरून, प्रत्येकासाठी पारवाहकता नव्याने जुळवून, तीन निकाल मागावेत.

दुसरी नेहमीची चूक छेद निवडण्याची. जलधरात साठलेल्या अवाढव्य पाण्याने उपशाला भागले की टक्केवारी नगण्य येते, आणि ही टक्केवारी जाहीर चर्चेत सारखी फेकली गेली. बंदिस्त जलधराचा साठवण गुणांक (पातळी एक मीटर उतरली की दर चौरस मीटरामागे किती घनमीटर पाणी निघते ते माप) ०.०००१ ते ०.००१ एवढा असतो, खुल्याचा ०.१ च्या आसपास. म्हणजे तेवढेच पाणी काढले तरी बंदिस्त भागात दाब शेकडो पटींनी जास्त उतरतो आणि दूरवर, लवकर पसरतो. झऱ्याला जलधरात एकूण किती पाणी आहे याच्याशी देणेघेणे नाही. तोंडाशी दाब किती, एवढेच त्याला कळते. छेदात साठा घालायचा नाही, स्राव घालायचा.

तिसरी बाब काळाची. दाबाची घट खुल्या भागात शिरली की तिची चाल मंदावते. कडेच्या झऱ्यांवर सर्वात मोठा परिणाम खाण बंद झाल्यावर अनेक वर्षांनी येऊ शकतो. परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. प्रतिमान त्या पाच वर्षांवर थांबवले तर सगळ्यात वाईट वर्ष हिशेबातच येत नाही.

पंप थांबल्यावर

मोहावी केंद्र ३१ डिसेंबर २००५ ला बंद पडले आणि स्लरी थांबली. औद्योगिक उपसा सुमारे ४,५०० एकर-फुटांवरून पुढच्या वर्षी सुमारे १,२०० वर आला. बीएम-६ विहिरीत कित्येक वर्षे उतरणारी पातळी त्यानंतर चढू लागली. जलविज्ञानाच्या दृष्टीने हा मोठा प्रयोगच झाला: एवढ्या मोठ्या उपशाचा नळ एका दिवसात बंद. जुन्या प्रतिमानांनी ही चढण आधी किती अचूक सांगितली होती, हे तपासण्याइतकी चांगली परीक्षा दुसरी नाही. बंद झालेल्या प्रत्येक खाणीच्या फायलीत ती असायला हवी.

परवान्याची गोष्ट मात्र वेगळ्याच ठिकाणी अडली. १९९० मध्ये कायेंटाला कायम स्वरूपाचा परवाना मिळाला. ब्लॅक मेसाचा निर्णय पुढे ढकलला गेला आणि ती खाण सुरुवातीच्या तात्पुरत्या नियमांखालीच चालत राहिली. २२ डिसेंबर २००८ ला दोन्ही क्षेत्रे एका परवान्यात आणली गेली. जानेवारी २०१० मध्ये प्रशासकीय न्यायाधीशांनी तो निर्णय रद्द ठरवला. कारण पाण्याचा आकडा नव्हता: मोहावी बंद झाल्यावर प्रकल्पाचा हेतूच बदलला होता, तरी पर्यावरणीय परिणामांचा सुधारित मसुदा लोकांपुढे ठेवला नव्हता. कायेंटा खाण आणि नवाहो वीज केंद्र २०१९ मध्ये बंद झाले.

चंद्रपूर-वणी पट्ट्यात हे कुठे लागू पडते

वर्धा खोऱ्यातल्या खाणींत स्लरी नाही. तिथे पाणी उपसले जाते ते खड्डा कोरडा ठेवायला. बराकार थरातल्या कोळशावर कामठी वालुकाश्म आहे आणि तोच परिसरातल्या विहिरींचा जलधर. म्हणजे ब्लॅक मेसावर खाण आणि पाणी यांच्यात शेकडो मीटर खडक होता, इथे खड्डा जलधरालाच कापतो.

आपल्या अहवालांत अभ्यासक्षेत्र साधारणपणे खाणीभोवती १० किलोमीटरचे वर्तुळ असते. ब्लॅक मेसाच्या खाणींपासून मोएनकोपी सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटर. दहाच्या वर्तुळात तो झरा आलाच नसता. कामठीसारख्या थरातला परिणाम तेवढा दूर जाईल असे नव्हे, पण सीमा कंपासने न आखता थराच्या उघड्या पडलेल्या कडा, भ्रंश आणि नद्या पाहून आखायची.

उपशाच्या प्रभावाची त्रिज्या काढायला सिशार्टचे सूत्र सर्रास वापरले जाते: त्रिज्या म्हणजे ३,००० गुणिले पाणीपातळीतली घट गुणिले पारगम्यतेचे (खडकातून पाणी झिरपण्याच्या वेगाच्या मापाचे) वर्गमूळ. घट ५० मीटर आणि पारगम्यता सेकंदाला ०.००००१ मीटर घेतली तर उत्तर ४७४ मीटर. या सूत्रात काळ नाही आणि साठवण गुणांकही नाही; खड्डा एक महिना चालला काय नि तीस वर्षे चालला काय, उत्तर तेच. बांधकामाच्या पायातले पाणी काढताना, अंदाजापुरते ते ठीक. तीस वर्षांच्या खाणीच्या ना-हरकत अर्जात ते दिसले तर काळ आणि साठवण धरणारे प्रतिमान मागावे.

केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खाणींना ना-हरकत लागते आणि पीझोमीटर (पाणीपातळी मोजण्याच्या निरीक्षण नळ्या) बसवावे लागतात. पण पीझोमीटरमधली पातळी किती उतरली की काय करायचे, हे अटीत लिहिले नसेल तर तो फक्त नोंदवहीचा धनी होतो. अट लिहायची ती अशी: कामठीतला पीझोमीटर वेगळा, बराकारमधला वेगळा, प्रत्येकाची जाळी (नळीचा पाणी आत घेणारा भाग) फक्त आपापल्या थरात. खड्डा उघडण्याआधी किमान दोन पावसाळे-उन्हाळ्यांची नोंद. एका हंगामाची पुरत नाही. मे महिन्यातली पातळी मूळ नोंदीतल्या सर्वात खालच्या पातळीपेक्षा अमुक मीटर खाली गेली तर ३० दिवसांत गावाला पर्यायी पाणी, दुसऱ्या पायरीला उपशाच्या दरात कपात, आणि कारण सिद्ध करण्याचा भार खाणीवर. खाण बंद झाल्यावरही पातळी सलग काही वर्षे स्थिर दिसेपर्यंत नोंद चालू ठेवायची, आणि तिचा खर्च बंदीकरणाच्या अनामत रकमेत आधीच धरायचा.